दोन लाख अकरा हजार आवृत्त्या

त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला ऋजुता गॅसपाशी उभी राहून पाणी उकळत होती आणि मी तिला म्हणाले, "आणखी दहा मिनिटं राहू दे." मी हे म्हणाले नसते तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर नंतर सांगत होत्या. पण मी म्हणाले होते.

ऋजुता माझ्या मुलीची मुलगी. माझी मुलगी सहा वर्षांपूर्वी गेली, म्हणून ही बाळंतपणाला माझ्याकडे बोरगिरीला आलेली. ओजस तेव्हा नऊ आठवड्यांचा होता. हिचं दूध त्याला पुरत नव्हतं, म्हणून दर तीन तासांनी पावडरचं दूध. रात्रभर जागून तिचे डोळे खोल गेले होते.

"कशाला एवढं उकळायचं?" असं मी विचारलं नाही. तिने मनगट माझ्यासमोर धरलं. त्यावरच्या पट्टीच्या पडद्यावर 'पंचक्रोशी'ची बातमी होती. सात शब्द.

*नळाचे पाणी दूषित. नागरिकांनी पाणी उकळून प्यावे.*

"बघ, तुझा पेपर सांगतोय," ती म्हणाली.

माझा पेपर. दैनिक 'पंचक्रोशी'त मी पस्तीस वर्षं काढली. कामाला लागले तेव्हा छपाईचे खिळे जुळवणारे दोघे-तिघे अजून होते, निघाले तेव्हा छपाईचं यंत्र भंगारात जायची बोलणी चालली होती. वृत्तसंपादक म्हणून निवृत्त झाले. आमच्या वेळी दोन आवृत्त्या निघत. तालुक्याच्या गाड्यांना द्यायची डाक आवृत्ती आधी, मग शहर आवृत्ती. दोन आवृत्त्यांत एका बातमीचा फरक पडला तरी दुसऱ्या दिवशी कुणीतरी दोन्ही अंक काखेत घेऊन भांडायला यायचं.

आता 'पंचक्रोशी' कागदावर निघत नाही. सहा वर्षांपूर्वी तिथे 'घडी' आली. घडी म्हणजे एक संगणकप्रणाली. बातमीदार आपली बातमी तिच्यात टाकतो. ती बातमी घडी प्रत्येक वाचकाच्या मापाने दुमडते. ज्याच्याकडे मोठा पडदा त्याला मोठी, ज्याच्या मनगटावर पट्टी त्याला सात शब्दांची. एवढ्यावर थांबली असती तर कुणाचीच तक्रार नव्हती. पण पट्टीला नाडी कळते, झोप कळते. फोनच्या कॅमेऱ्याला डोळा कुठल्या ओळीवर थबकला आणि कुठून पळाला ते कळतं. कमी झोपलेल्या माणसाला घडी छोटी वाक्यं देते. ज्याची नाडी वाईट बातमीने उडते, त्याला ती तीच बातमी मऊ करून, शेवटी काय करावं ते सांगून, धीर देऊन देते. घडी ओळ नुसती कापत नाही, नव्याने लिहिते. आणि लिहायला शिकली कशावरून, तर 'पंचक्रोशी'च्या जुन्या अंकांवरून. वाचकांना आपला पेपर वाटला पाहिजे ना! बोरगिरीत तेव्हा दोन लाख अकरा हजार वाचक होते आणि रोज सकाळी दोन लाख अकरा हजार आवृत्त्या निघत. त्यातल्या कुठल्याही दोन सारख्या नसत.

मी जुनी खोड सोडली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. त्यामुळे घडी मला अख्खी बातमी देते.

त्या दिवशी ती वाचायला मला साडेबारा वाजले.

तलावाकाठच्या खताच्या गोदामाची भिंत आठवड्यापूर्वी खचली होती. पोत्यांतलं खत विरघळून पाण्यात गेलं होतं. तपासणीत नायट्रेट मर्यादेच्या चौपट निघालं होतं. आणि खालून दुसऱ्या परिच्छेदात हे होतं:

*हे प्रदूषण जंतूंचे नसल्याने पाणी उकळून उपयोग नाही. उलट पाण्याची वाफ होऊन उरलेल्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांखालील बालकांना हे पाणी कोणत्याही स्वरूपात देऊ नये.*

मी ते दोनदा वाचलं. ओट्यावर थर्मास होता. सकाळपासून त्यातलं पाणी दोनदा वापरून झालं होतं. तीन भांडी पाणी उकळून उकळून दीड भांडं करून भरलेलं.

"ऋजू, बाळ कुठंय?"

"झोपलाय. आज शहाण्यासारखा झोपलाय हं, उठवू नकोस."

"थर्मासमधलं पाणी ओतून टाक."

"का? उकळलंय ते. अर्धा तास."

मी टॅब तिच्यापुढे धरला. तिने वाचलं, मग आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग पुन्हा टॅबकडे.

"आजी, हा दुसरा कुठला पेपर आहे का?"

"हाच आहे."

"मग माझ्यात असं कसं येईल? बातमीदाराचं नाव तेच आहे. तू काहीतरी जुनं उघडलंयस."

"तारीख बघ."

"तुझ्यात चुकलं असेल! काल डॉक्टरसुद्धा म्हणाल्या, पाणी उकळून द्या म्हणून."

"काल त्यांना तरी कुठे माहीत होतं? ऋजू, भांडू नंतर. त्याला उजेडात आण."

तिने त्याला खिडकीशी आणलं. तो झोपला नव्हता. डोळे अर्धे उघडे, रडत नव्हता. ओठ जांभळाच्या सालीसारखे. मी त्याची मूठ उलगडली. नखं पाटीच्या रंगाची झाली होती.

ऋजुताने त्याला दुपट्यात घेतलं आणि अनवाणीच जिना उतरली. मी थर्मास उचलला आणि तिच्यामागे गेले.

*

डॉ. शबाना तांबोळींनी बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं आणि थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. ते लाल नव्हतं. काकवीसारखं तपकिरी होतं. त्यांनी कागद हवेत हलवला. रंग बदलला नाही.

"पाणी काय दिलंत?"

मी थर्मास पुढे केला.

"उकळलेलं," ऋजुता म्हणाली. "अर्धा तास उकळलेलं, डॉक्टर. पेपरात आलं होतं."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले, क्षणभरच. मग भराभर बोलू लागल्या. नर्सला सांगत होत्या आणि आम्हालाही. मोठ्या माणसाच्या पोटात हे नायट्रेट फार काही करत नाही. इतक्या लहान बाळाच्या आतड्यात त्याचं नायट्राइट होतं. ते रक्तातल्या लोहाला असं पकडतं की रक्त फिरत राहतं, पण प्राणवायू वाहून नेत नाही. बाळ श्वास घेतंय, हवा आत जातेय, आणि शरीर मात्र गुदमरतंय. यावर एक औषध आहे. गडद निळं असतं, शिरेतून हळूहळू द्यायचं. "अर्ध्या-पाऊण तासात रंग पालटायला हवा," त्या म्हणाल्या. पालटला नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

सुई लावताना त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही 'पंचक्रोशी'तल्या राजोपाध्येबाई ना? मग तिथे जा. इथे बसून तुम्हाला काही करता येणार नाही. सकाळपासून हे तिसरं बाळ आहे. तिन्ही आया म्हणतायत, उकळून दिलं."

"मी त्याला सोडून..."

"जा आजी," ऋजुता म्हणाली. तिची नजर बाळावरून हलली नव्हती. "तुझा पेपर आहे ना? मग जा आणि त्यांना सांग."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. बाळं दर तीन तासांनी पितात. बाराला प्यालेली पुन्हा तीनला पिणार होती.

*

'पंचक्रोशी'च्या कचेरीत आता आठ माणसं असतात. संपादक गजेंद्र बेलसरे. बावीस वर्षांचा असताना माझ्या हाताखाली आला होता, आता केस पिकले. मला पाहून उठला.

"ताई, मला माहीत आहे. अकराला डॉक्टर तांबोळींचा फोन आला. दुरुस्ती टाकली मी, सव्वाअकरालाच."

"मला मिळाली नाही."

"तुम्हाला कशी मिळेल? तुमच्या बातमीत चूकच नव्हती."

"ऋजुताला पण मिळाली नाही."

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. दोन लाख अकरा हजारांपैकी दुरुस्ती पोचली होती चार हजार जणांना. एकदा वाचून झालेली बातमी घडी सहसा पुन्हा दाखवत नाही. वाचक कंटाळतो. आणि ज्यांची झोप झालेली नाही, नाडी चढलेली आहे, त्यांना भीतीची बातमी ती संध्याकाळवर ढकलते. म्हणजे नेमक्या बाळंतिणींना.

"आणि चार हजारांना जी गेली, ती तरी धड गेली का? वाच."

त्याने मनगटाच्या मापातली दुरुस्ती उघडली. *पाणी उकळू नये, पालिकेची सूचना. नागरिकांनी पाणी उकळून प्यावे.*

बेलसरेने कपाळाला हात लावला. "हे कुठून आणतंय कळत नाही, ताई. बातमीदाराने लिहिलेलं नाही. मी लिहिलेलं नाही. पाण्याची कुठलीही बातमी टाका, छोटी करताना शेवटी ही ओळ चिकटवतंय."

मला कळलं. मी समोरच्या खुर्चीत बसले.

शहाण्णव साली बोरगिरीत काविळीची साथ आली होती. आम्ही पहिल्या पानावर रोज आकडे छापत होतो. आज किती रुग्ण, आज किती दगावले. एक माणूस कचेरीत आला, बायको गेलेली. म्हणाला, एवढं छापलंत, पाणी उकळून प्या हे एकदा छापलं असतंत तर? त्या रात्री मी डेस्कवर नियम लावला. पाण्याची बातमी असेल, मग ती गळतीची असो, टंचाईची असो, गढूळपणाची असो, शेवटची ओळ ठरलेली: *नागरिकांनी पाणी उकळून प्यावे.* ती राहिली तर दुसऱ्या दिवशी मी माणसाला सगळ्यांसमोर उभं करायचे. बेलसरेलाही केलं होतं. मी निवृत्त झाल्यावरही ती रीत चालू राहिली. हजारो बातम्या. घडीने आमचे सगळे अंक वाचले होते. पाणी म्हटलं की बोरगिरीचा पेपर असाच संपतो, हे ती आमच्याकडून शिकली होती.

"गजेंद्र, ती ओळ माझी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही आठवलं असावं.

"घडी बंद कर."

"बंद केली तर काहीच जात नाही. मूळ पान असं राहिलेलंच नाही, ताई. कंपनीला कळवलंय, त्यांना चार तास लागतील."

"पालिका?"

"भोंग्याची एक रिक्षा फिरतेय. एक! मी सगळ्या गटांवर स्वतः संदेश टाकले. लोक मला उलट माझ्याच पेपरचं चित्र पाठवतायत. 'साहेब, अफवा पसरवू नका, पंचक्रोशीत बघा काय आलंय.'"

दोन वाजायला दहा मिनिटं होती. मी विचारलं, "घडी कशाला हात लावत नाही?"

"सगळ्यालाच लावते."

"निधनाला?"

घडी आली त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. गाडीतळावरच्या तालीमवाल्या घरातले आजोबा गेले. तीन मुलगे, चार मुली, अकरा नातवंडं, एवढी नावं दिलेली. घडीने त्याचं केलं, 'वृद्धाचे निधन'. दुपारी ती अकराही नातवंडं कचेरीत आली होती. त्यांतले सहा पैलवान. तेव्हापासून निधनाच्या काळ्या चौकटीतल्या एका शब्दालाही घडीने हात लावायचा नाही, असं कुलूप घातलेलं होतं.

"पण चौकट नातेवाइकांना आणि गल्लीलाच जाते," बेलसरे म्हणाला. "सगळ्यांना..." आणि त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

आमच्या पेपरची आणखी एक रीत होती, माझ्याही आधीची. इथे काम केलेलं माणूस गेलं, शिपाई असो की संपादक, त्याची चौकट पहिल्या पानावर, सगळ्या आवृत्त्यांत.

"माझी लाव," मी म्हणाले.

"ताई, काहीतरीच काय!"

"नाव, वय, फोटो, तारीख. खाली मजकूर मोकळा असतो ना? मग लाव."

"तारीख मृत्यूची असते. तुम्ही समोर बसलाय. हे खोटं छापणं झालं. तुम्हीच आम्हाला शिकवलंत की..."

"मी तुम्हाला पुष्कळ शिकवलं. त्यातलं एक सकाळपासून दोन लाख घरांत गेलंय. लिही."

तो लिहायला बसला. टंकलेखन त्याचं पहिल्यापासून चांगलं. मी सांगत गेले. शेवटच्या वाक्यापाशी त्याने 'अनवधानाने' घातलं.

"काढ ते."

"ताई, मालक विचारतील. खटले होतील. चौकटीत एकदा गेलं की मागे घेता येत नाही, बदलता येत नाही."

"म्हणूनच तिथे घालतोय."

त्याने शब्द काढला. मी ऋजुताला फोन लावला. मागून यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

"कसा आहे?"

"तसाच आहे गं आजी. तसाच." तिचा आवाज बारीक झाला होता.

"ऐक. आत्ता तुझ्या मनगटावर माझा फोटो येईल, काळ्या चौकटीत. घाबरायचं नाही. मी धडधाकट आहे, बेलसरेच्या समोर बसलेय."

"काय बोलतेयस तू?"

"जे येईल ते शेजारणीला मोठ्याने वाचून दाखव."

दोन वाजून चार मिनिटांनी बेलसरेने बोट टेकवलं.

*इंदुमती राजोपाध्ये (वय ७८). नळाचे पाणी बाळाला देऊ नका. उकळूनही देऊ नका. उकळल्याने विष वाढते. दिले असेल तर बाळाचे ओठ आणि नखे पाहा. निळसर दिसली तर लगेच रुग्णालयात न्या. आज सकाळी 'पंचक्रोशी'ने पाणी उकळून प्यावे असे छापले. ते चूक होते. चूक आमची आहे.*

पडद्यावरचा आकडा चढू लागला. नऊ हजार. चाळीस हजार. सुरुवातीला लोकांनी चौकट निधनाची म्हणून उघडली असणार. फोन वाजायला लागले. माझाही वाजला. शाळेतली मैत्रीण होती, रडत होती. मी "जिवंत आहे, पाणी ओत" एवढं म्हणून ठेवला. अडीचला आकडा एक लाख नव्वद हजारांच्या वर गेला. बेलसरे खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "सहा वर्षांत पहिल्यांदा एकच ओळ सगळीकडे गेली, ताई."

मी उठले आणि रुग्णालयात परतले.

बाहेरच्या बाकांवर बायका, सासवा, बाप दाटीवाटीने बसले होते. प्रत्येकाच्या हातात माझा फोटो. एक बाई दुसरीला वाचून दाखवत होती आणि ती म्हणत होती, "माझ्यातपण हेच आहे, अगदी हेच." माझ्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

आत ओजस होता. ऋजुताने त्याचं पाऊल मुठीत धरलं होतं. "बघ," ती म्हणाली. तळपाय गुलाबी होता. पूर्ण नाही, कडेने अजून राखाडी होता, पण मधे गुलाबी. मग त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि जोरात रडायला लागला. त्या रडण्याने ऋजुताही रडू लागली. मला म्हणाली, "मेलेली माणसं अशी दारात उभी राहत नाहीत. ये की आत."

*

त्या दिवशी चौदा बाळं रुग्णालयात आली. दहा जण चौकट वाचून वेळेत आले. तेरा वाचली.

गेलं ते बाळ आलं होतं दुपारी सव्वा वाजता, चौकटीच्या आधी. मी कचेरीच्या वाटेवर असेन तेव्हा.

चौथ्या दिवशी मी गाडीतळाला, त्या बाळाच्या घरी गेले. ऋजुता नको म्हणत होती. "तू काय बोलणार तिथे? घरातून हाकलून देतील." बेलसरे म्हणाला, पेपरतर्फे पत्र पाठवू. मी म्हटलं, पत्र घडीतून जाईल.

दोन खोल्यांचं घर. कोमल शेडगे नावाची मुलगी, तेवीस-चोवीस वर्षांची, भिंतीला टेकून बसली होती. तिच्या सासूने मला ओळखलं नाही. चौकटीतला फोटो वीस वर्षांपूर्वीचा होता. "बसा," म्हणाली. मी खाली बसले. शेजारच्या घरात कुणीतरी टीव्ही लावला आणि लगेच बंद केला.

मग कोमलने मला विचारलं, "तुम्ही दवाखान्यातल्या का?"

"नाही. मी पेपरात होते. पूर्वी."

तिने पदराखालून मनगट काढलं. मंगळवारची बातमी तिने पुसली नव्हती. पट्टी माझ्या डोळ्यांपुढे आणली. तेच सात शब्द.

"चार दिवस वाचतेय," ती म्हणाली. "सासूबाई म्हणतात, तू अर्धवट वाचलंस. हे म्हणतात, घाईत वाचलंस. तुम्ही पेपरातल्या ना? तुम्ही सांगा. मी यात काय चुकीचं वाचलं?"

सासू दारात येऊन उभी राहिली होती. आतल्या खोलीत कोमलचा नवरा खोकत होता, त्याचं खोकणं थांबलं.

"काही नाही," मी म्हणाले, तिघांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "तू बरोबर वाचलंस. अक्षर न् अक्षर बरोबर वाचलंस आणि जे सांगितलं ते नीट केलंस. ती ओळ मी लिहिलेली आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सासूकडे वळून म्हणाली, "ऐकलंत?"